पिलाटीज कुणाकडे शिकावं?

पत्राचा सारांश: मी ५४ वर्षांची, ठाण्यात राहते, बँकेत नोकरी करते. तीन वर्षांपूर्वी कमरेतली गादी सरकली होती (एल-४, एल-५). ऑपरेशन टळलं, फिजिओथेरपीनं बरं वाटलं, पण वाकायची भीती मनात बसली ती बसलीच. गेल्या वर्षी पाळी थांबली आणि डेक्सा (हाडांची घनता मोजणाऱ्या) तपासणीत हाडं ‘थोडी विरळ’ निघाली. डॉक्टर म्हणाले, नियमित व्यायाम करा. बंगळुरूच्या मुलीनं पिलाटीज सुचवलं. आता तीन पर्याय आहेत. घोडबंदर रोडवर एक मोठा स्टुडिओ आहे. तिथे रिफॉर्मर (सरकत्या गादीचं, स्प्रिंगांचं) मशीन, बारा जणींची बॅच, इन्स्ट्रक्टर पंचविशीतली, सडपातळ, इन्स्टाग्रामवर हजारो फॉलोअर. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले तर मोठी सवलत, तीही या रविवारपर्यंतच. ट्रायलला माझी कंबर दुखायला लागली तेव्हा ती म्हणाली, ‘दुखतंय म्हणजे लागू पडतंय.’ दुसरी माझी भाचेसून, नणंदेची सून. तिनं नुकताच मॅट पिलाटीजचा कोर्स केलाय, घरीच चार-पाच जणींना शिकवते, माझ्याकडून पैसे घ्यायला तयार नाही. तिसऱ्या एक बाई ऑनलाइन शिकवतात. त्यांचं सर्टिफिकेट परदेशातलं आहे आणि क्लासमध्ये कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो. यांतलं कुणाचं सर्टिफिकेट खरं? नणंदेकडे वाईटपणा न येता नाही कसं म्हणू? आणि या वयात मशीनच्या बॅचला गेले तर माझ्यामुळे बाकीच्यांचा खोळंबा होईल असंही वाटतं.

ताई, नमस्कार.

सवलतीची मुदत रविवारी संपतेय, म्हणून आधी तेवढं सांगते: घाईनं पैसे भरू नका. अशा सवलती पुन्हा येतात. कंबर पुन्हा धरली तर काय होतं, ते तुम्ही एकदा भोगलेलं आहे.

आता सर्टिफिकेटचं. ते खरं की खोटं, असं विचारून तुमच्या हाती फारसं लागणार नाही, आणि त्याचं कारण या व्यायामाच्या इतिहासात आहे. जोसेफ पिलाटीज हा जर्मन माणूस, जन्म १८८३चा, लहानपणी दमा आणि मुडदुसानं बेजार झालेला. पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिक म्हणून तो ब्रिटिशांच्या छावणीत स्थानबद्ध होता. पुढे १९२०च्या दशकात न्यूयॉर्कला गेला आणि तिथे आठव्या अव्हेन्यूवर त्यानं आणि त्याची जोडीदार क्लारानं स्टुडिओ थाटला. दुखापत झालेले नर्तक त्यांच्याकडे येत. १९६७ मध्ये तो वारला, पण ही पद्धत पुढे कुणी आणि कशी शिकवायची याची घडी काही त्यानं बसवून दिली नव्हती. शिष्यांनी आपापल्या परीनं शिकवलं. मग नावाच्या मालकीवरून कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि २००० साली न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टानं सांगितलं की पिलाटीज हे योग किंवा कराटेसारखं एका व्यायामपद्धतीचं नाव आहे, त्यावर कुणा एकाचा हक्क नाही. म्हणजे ही पाटी कुणीही लावू शकतं. आपल्याकडेही फिजिओथेरपिस्टला नोंदणी लागते, पिलाटीज शिकवायला सरकारी परवाना लागत नाही.

त्यामुळे सर्टिफिकेट कुठलं यापेक्षा ते मिळवायला काय करावं लागलं, हे विचारा. अमेरिकेत या क्षेत्राची जी राष्ट्रीय परीक्षा आहे, तिला बसायला मॅट आणि सगळी उपकरणं मिळून किमान ४५० तासांचं प्रशिक्षण लागतं. त्यात स्वतःचा सराव, दुसऱ्यांचे क्लास बघणं आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली शिकवणं, हे सगळं धरलेलं असतं. आपल्याकडच्या शहरांत स्टॉट, बासी, बॅलन्स्ड बॉडी, पोलस्टार ही शिकवणाऱ्या संस्थांची नावं कानावर पडतात. यांचे लांबलचक कोर्स आहेत आणि छोटेही आहेत, तेव्हा नुसतं नाव ऐकून थांबू नका. ‘किती तासांचं? फक्त मॅटचं की रिफॉर्मरचंही? शिकवण्याचा सराव कुणाच्या हाताखाली केलात?’ हे सरळ विचारा. चांगल्या शिक्षिकेला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट बऱ्याचजणी आपण होऊन सांगतात, कारण त्यांनी त्यासाठी खूप वेळ आणि पैसा घातलेला असतो.

पण मला तुमच्या पत्रात वेगळंच खटकलं. तिघींबद्दल तुम्ही बरंच लिहिलंय: वय, बांधा, फॉलोअर, कोर्स, फी. त्यांच्यापैकी कुणी तुम्हाला काय विचारलं, याबद्दल एक ओळही नाही. स्टुडिओत तुम्ही ट्रायल दिलीत, म्हणजे त्यांनी तुम्हाला मशीनवर झोपवलं. त्याआधी गादीबद्दल विचारलं का? डेक्साचा रिपोर्ट मागितला का? निदान ‘कुठे काही दुखणं आहे का’ एवढं तरी? विचारलं असतं तर ते तुम्ही लिहिलं असतं, असं मला वाटतं. माझ्या लेखी तुमची निवड इथेच सुरू होते. जी तुम्हाला हलवायच्या आधी विचारते आणि हलताना बघते, ती शिक्षिका तुमच्या कामाची.

तुमच्या बाबतीत हे इतकं ताणून का धरते, ते सांगते. जोसेफच्या १९४५च्या पुस्तकात मॅटवरचे ३४ व्यायाम आहेत आणि त्यांतल्या कितीतरी व्यायामांत पाठीचा कणा पुढे गोल करायचा असतो. पाठीवर झोपून डोकं-खांदे उचलायचे, एकेक मणका सोडवत उठून बसायचं, गुडघे पोटाशी घेऊन चेंडूसारखं मागेपुढे लोळायचं. निरोगी कण्याला याचं काही वाटत नाही. विरळ हाडांच्या कण्याला मात्र पुढे वाकून भार पडणं सोसत नाही, कारण मणक्याची पुढची बाजू दबली जाते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं १९८४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार असलेल्या ५९ बायकांपैकी ज्यांनी पुढे वाकायचे व्यायाम केले त्यांच्यात ८९ टक्क्यांच्या मणक्यांना नवे फ्रॅक्चर झाले, आणि ज्यांनी पाठ मागे ताणायचे व्यायाम केले त्यांच्यात १६ टक्क्यांच्या. अभ्यास छोटा होता, त्या बायकांची हाडं आधीच फार खालावलेली होती, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण तुमची हाडं नेमकी किती विरळ आहेत ते रिपोर्टवर बघून घ्या. टी-स्कोअर, म्हणजे रिपोर्टवरचा हाडांच्या घनतेचा आकडा, उणे १ ते उणे २.५च्या मधे असेल तर ती ऑस्टिओपेनिया, उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. ‘थोडी विरळ’ हे शब्द पुरेसे नाहीत, आकडा पाठ हवा.

मग तिघींनाही हाच प्रश्न टाका: ‘माझी गादी एकदा सरकलीय आणि टी-स्कोअर इतका आहे. माझ्यासाठी तुम्ही कोणते प्रकार गाळाल आणि त्यांच्या जागी काय घ्याल?’ जिला हा विषय माहीत आहे ती लोळण्याचे, पाय डोक्यावरून मागे नेण्याचे, वाकून पिळायचे प्रकार गाळते असं सांगेल. त्यांच्याऐवजी पालथं झोपून पाठ उचलणं, कुशीवरचे पायांचे व्यायाम, उभ्यानं तोल सांभाळणं असं काहीतरी घेईल. कदाचित म्हणेल, ‘डॉक्टरांशी किंवा तुमच्या फिजिओशी एकदा बोलते.’ हेही उत्तम उत्तर आहे. ‘काही होत नाही हो, हळूहळू सवय होते’ असं उत्तर आलं तर तिथून निघा, मग स्टुडिओ कितीही सुंदर असो. आणि एक लक्षात असू द्या, नुसत्या पिलाटीजवर हाडं भरून येतील अशी आशा धरू नका. हाडांना वजन पेलायची, चालण्याची, जिने चढण्याची गरज असते. शिक्षिकेनं आपण होऊन डंबेल्सची गोष्ट काढली तर तिचं ज्ञान एका चटईपुरतं नाही असं समजा.

‘दुखतंय म्हणजे लागू पडतंय’ हे वाक्य वाचून मला तुमची काळजी वाटली. स्नायू थरथरणं, पोटात जळजळल्यासारखं होणं, दुसऱ्या दिवशी अंग आंबणं हे कष्टाचं दुखणं. कमरेत कळ येणं, ती नितंबातून पायात उतरणं, पाय बधिर होणं हे वेगळं. गादीचा त्रास होऊन गेलेल्या बाईला कंबर दुखतेय म्हटल्यावर शिक्षिकेनं आधी थांबायला हवं होतं. कुठे दुखतंय, पायात उतरतंय का, विचारायला हवं होतं. मग गुडघे वाकवून बघायचे, डोक्याखालचा आधार वाढवायचा, स्प्रिंग बदलायची, आणि तरीही दुखलं तर तो प्रकार सोडून द्यायचा. ती मुलगी वाईट आहे असं मी म्हणत नाही. बारा जणींकडे एकाच वेळी बघताना तिच्या तोंडून ते निघून गेलं असेल. पण तुमच्या कमरेला कारणाशी काय करायचंय?

रिफॉर्मरबद्दल दोन गोष्टी नीट सांगते, कारण पैसे तिथेच जातात. ती एक सरकती गादी असते, खाली स्प्रिंगा, पुढे पायासाठी दांडा, खांद्याला ठोकळे, हातापायांना पट्टे. बघणाऱ्याला वाटतं, जास्त स्प्रिंगा म्हणजे अवघड, कमी म्हणजे सोपं. झोपून पायांनी दांडा ढकलताना ते खरं असतं. पण त्याच गादीवर हात टेकून फळीसारखं राहायचं असेल तर स्प्रिंग कमी केली की गादी निसटायला बघते आणि पोटाचा कस लागतो. म्हणून ‘ही स्प्रिंग का लावलीत?’ असं विचारून बघा. एका वाक्यात कारण सांगता आलं पाहिजे. ‘सगळ्यांनी एक लाल, एक निळी लावा’ अशी हाक बारा जणींना एकदम दिली जात असेल, तर तो मशीनवरचा एरोबिक्स आहे. दुसरं म्हणजे चढणं-उतरणं. गादी खाली असते आणि सरकते. ज्या बाईला वाकायची धास्ती आहे तिला पहिल्या दिवशी काय शिकवावं? कुठे हात धरून बसायचं, कुशीवर वळून कसं उठायचं, स्प्रिंग न लावता त्यावर कधीही उभं राहायचं नाही. ट्रायलमध्ये हे कुणी शिकवलं होतं का, आठवून बघा. चटईवरही पूर्ण पिलाटीज होतं, मशीन नसलं तर काही उणं राहत नाही. मशीनचा फायदा हा की स्प्रिंगांचा आधार घेऊन दुखऱ्या माणसाला हलकं काम देता येतं. पण ते देणारी शिक्षिका असेल तरच.

ट्रायलमध्ये शिक्षिका काय करते इकडे नजर ठेवा. ती पूर्ण वेळ तुमच्यासमोर स्वतःच व्यायाम करत असेल तर तिचा व्यायाम होतोय, तुमचा वर्ग होत नाहीये. गाण्याच्या क्लासात गुरुजीच तासभर गात राहिले तर शिष्याचा उतरलेला सूर कुणी ऐकायचा? शिकवणारी फिरते, बाजूनं बघते, एका वेळी एकच चूक सांगते. हात लावून दुरुस्त करायचं असेल तर आधी विचारते, मग शिक्षक बाई असो की पुरुष. ‘हात न लावता सांगा’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दुसऱ्या वेळी गेलात की तिला तुमची गादी आठवते का बघा. नाही आठवली आणि तिच्याकडे टिपणही नसेल, तर तिसऱ्या वेळी आठवेल या भरवशावर राहू नका. तिची स्वतःची अंगकाठी मात्र मोजू नका. सडपातळ असणं हा शिकवण्याचा पुरावा नाही, आणि पंचविशीतली असणं हा दोषही नाही.

आणि तुम्ही ‘माझ्यामुळे खोळंबा होईल’ म्हणता, ते मला मुळीच पटत नाही. खोळंबा तुमच्यामुळे होत नाही. वेगवेगळ्या अंगांच्या बारा जणींना एकाच वेगात हाकायचं ठरवलं की होतो. पिलाटीजमध्ये प्रत्येक हालचाल ताब्यात ठेवून करायची असते, घाईला तिथे जागाच नाही. जोसेफ पिलाटीज साठी उलटल्यावरही शिकवत होता आणि ८३ वर्षं जगला. तुमचं वय कुणाच्या आड येत असेल तर ती बॅच तुमच्यासाठी आखलेली नाही, एवढाच अर्थ.

तिघींखेरीज एक चौथी व्यक्ती तुम्ही विसरलात: तीन वर्षांपूर्वी ज्यांनी तुम्हाला बरं केलं ते फिजिओथेरपिस्ट. मी सुरुवात त्यांच्यापासून करेन. डेक्साचा रिपोर्ट आणि जुना एमआरआय घेऊन एकदा जा. काय टाळायचं, काय चालेल, हे दोन-चार ओळींत लिहून मागा. काही फिजिओ स्वतः पिलाटीज शिकलेले असतात आणि तुमच्यासारखीला ते सर्वांत सोयीचे. मात्र तिथेही किती तासांचं शिकलात हे विचाराच. फिजिओचं ज्ञान मोठं असलं तरी दोन दिवसांच्या कार्यशाळेवर वर्ग चालवणारे आहेत. त्यांच्याकडे सोय नसेल तर ती चिठ्ठी घेऊन एखाद्या शिकलेल्या शिक्षिकेकडे सुरुवातीचे काही तास एकटीनं घ्या. महाग पडेल, पण सहा महिन्यांच्या एकरकमी भरण्याहून कमीच पडेल. अंगाला सवय झाली की चार-पाच जणींच्या बॅचमध्ये जा. चिठ्ठी हातात दिल्यावर शिक्षिका ती वाचते की पर्समध्ये परत ठेवायला सांगते, यावरूनही बरंच कळेल.

ऑनलाइन बाई कितीही जाणकार असोत, कॅमेरा बंद म्हणजे तुम्हाला बघणारं कुणी नाही. तुम्हाला सध्या तरी ते नको. वर्षभर नीट शिकल्यावर, प्रवासात, पावसाळ्यात घरून करायला छान.

आता भाचेसून. तिला मोडीत काढू नका. नवी आहे, पण चार-पाच जणींनाच शिकवते, म्हणजे तिची नजर तुमच्यावर राहील. तिलाही वरचा प्रश्न विचारा. ‘मामी, विरळ हाडांचं मला अजून नीट येत नाही, मी माझ्या मॅडमना विचारून सांगते’ असं ती म्हणाली तर मी म्हणेन, या मुलीवर विश्वास ठेवायला हरकत नाही. अडचण तिच्या नवखेपणाची कमी आणि नात्याची जास्त आहे. फुकट शिकवणाऱ्या सुनेला ‘हे दुखतंय, नको’ म्हणायला तुम्हाला जड जाईल आणि मामींना ‘हे करू नका’ म्हणायला तिला. तिथे जायचं ठरलं तर बाकीच्या देतात तेवढी फी तुम्हीही द्या, आणि ती घेत नसेल तर जाऊ नका. नाही म्हणायचं तर नणंदेमार्फत निरोप पाठवू नका, तिच्याशीच बोला. ‘अगं, माझी कंबर आणि हाडं दोन्हीची भानगड आहे, म्हणून आधी फिजिओकडे जाणार आहे. काही बिनसलं तर तुझ्या डोक्याला ताप नको. पुढे वर्गात बसण्याइतकी झाले की तुलाच विचारेन.’ यात खोटं काही नाही, त्यामुळे पुढे निभावायचंही ओझं नाही. ओळखीतली एखादी धडधाकट मैत्रीण तिच्याकडे पाठवा. नणंदेला त्याचं जास्त अप्रूप वाटेल.

हे पत्र वाचून आपापले प्रश्न घेऊन बसलेल्या बाकीच्यांसाठीही थोडं. बाळंतपण नुकतंच झालेल्यांनी पोटाचे स्नायू मधून फाकलेत का, हे तपासून घेतल्याशिवाय पोट उचलायचे व्यायाम करू नयेत, आणि शिक्षिकेला ते तपासता येतं का हे विचारावं. गरोदरपणात, काचबिंदू असेल तर, खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर, पहिल्याच फोनवर तसं सांगावं. पैसे आधी एकेका तासाचे, मग लहान पॅकचे भरावेत. आजारपणात दिवस पुढे ढकलता येतात का, हे लेखी घ्यावं. आणि ज्या शिक्षिकेसाठी पैसे भरतोय ती सोडून गेली तर काय, हेही विचारून ठेवावं, कारण मोठ्या स्टुडिओंत शिक्षिका बदलत राहतात. ‘गादी आत जाईल’, ‘गोळ्या बंद होतील’ अशी हमी देणाऱ्यांपासून लांब राहा. कंबरदुखीवरच्या पिलाटीजच्या अभ्यासांचा कोक्रेननं (वैद्यकीय संशोधन तपासून बघणाऱ्या संस्थेनं) २०१५ मध्ये आढावा घेतला. काहीच न करण्यापेक्षा पिलाटीजनं दुखणं कमी होतं, पण इतर व्यायामांहून ते वरचढ आहे असं सिद्ध झालेलं नाही, असं त्यात दिसलं. म्हणजे जमलं नाही, चांगली शिक्षिका मिळाली नाही, तर जीव खालीवर करायचं कारण नाही. दुसरा व्यायामही चालेल. मात्र व्यायाम कुठलाही असो, पायातली ताकद गेली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

ताई, शेवटचं तुमच्या वाकण्याच्या भीतीबद्दल. ती तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकलीत, पण मला वाटतं तुमच्या व्यायामाचं खरं काम तेच आहे. वाकणं कायमचं टाळून घर चालत नाही, नोकरीही नाही. पाठ गोल न करता खुब्यातून कसं वाकायचं, गुडघे किती मोडायचे, बादली अंगाजवळ कशी घ्यायची, हे शिकवता येतं आणि पिलाटीजमध्ये त्याला भरपूर वाव आहे. पहिल्या भेटीत शिक्षिकेला पोटाचा घेर सांगू नका, हे सांगा: ‘मला खालच्या कप्प्यातलं कुकर न घाबरता काढायचंय.’ यावर ती तुम्हाला उभं करून ‘कसं काढता ते दाखवा’ म्हणाली, तर तिच्याकडे पहिला महिना भरा. दीड-दोन महिन्यांनी ते कुकर कसं निघतंय ते बघा आणि पुढचं तेव्हा ठरवा.